खिंडीतली सपाट वाट : मिश्र चिन्हांच्या अवकाशातले स्वसंलग्न कारक

आपण उणकल-धारवाडची माणसं पाणलोटाच्या माथ्यावर राहतो, हे रोजच्या धावपळीत कुणाच्या ध्यानात येत नाही. धारवाडजवळ सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला पश्चिमेकडे जाते, पुढे बेडती आणि मग गंगावळी या नावाने अरबी समुद्राला मिळते. बेण्णीहळ्ळाचं पाणी मात्र उत्तरेला मलप्रभेत जातं, कूडलसंगमाला कृष्णेत मिसळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. एकाच वळवाच्या सरीतले थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जाणार.

अशा माथ्यावर एखादी खिंड डोळ्यांसमोर आणा. खिंडीच्या मध्यावर उभं राहिलं की डोंगराच्या धारेच्या दिशेने, डावीकडे जा की उजवीकडे, चढच लागतो. खिंड ओलांडणारी पायवाट धरली तर पुढे आणि मागे, दोन्हीकडे उतार. धारेच्या दिशेचं अंतर क्ष आणि पायवाटेच्या दिशेचं अंतर य मानलं, तर मधल्या बिंदूपासूनची उंची साधारण क्ष² − य² अशी बदलते. आणि या दोन दिशांच्या मध्ये, तिरक्या अशा दोन रेषा असतात, जिथे क्ष आणि य सारखे असतात किंवा फक्त चिन्हाने वेगळे. त्या रेषांवर ना चढ ना उतार. आजच्या लेखातला सगळा घोळ या दोन सपाट वाटांमुळे होतो.

हा विषय घेण्याचं कारण सांगतो. मंडळातल्या मुलांबरोबर गणित करायला बसलं की एक चूक पुन्हा पुन्हा समोर येते. ती शिकताना आम्हीही केली होती, त्यामुळे मुलांवर चिडण्याचा अधिकार आम्हाला नाही. पाठ केलेलं वाक्य असं: स्वसंलग्न कारकाची आयगेन मूल्यं वास्तव असतात आणि तो कुठल्याही उपावकाशात आणला तरी स्वसंलग्नच राहतो. सरळ अवकाशात हे वाक्य अगदी खरं आहे. पण सापेक्षता सिद्धांताच्या पहिल्याच पाठात अवकाश बदलतो, वाक्य तेच राहतं, आणि उत्तरपत्रिकेत √−१ उगवतं. मग मुलं आपली बेरीज-वजाबाकी तपासत बसतात. बेरीज बरोबरच असते.

आधी शब्दांची ओळख. वर्गात ज्याला इनर प्रॉडक्ट म्हणतात तो आंतर गुणाकार म्हणजे दोन बाणांपासून एक संख्या काढण्याची रीत. नेहमीच्या रीतीत बाणाचा स्वतःशी गुणाकार म्हणजे त्याच्या लांबीचा वर्ग, आणि तो बाण शून्य नसेल तर धनच असतो. कारक, म्हणजे वर्गातला ऑपरेटर, हे एक यंत्र: एक बाण आत टाकला की दुसरा बाण बाहेर येतो. दोन बाण घेतले आणि यंत्र पहिल्यावर चालवलं काय किंवा दुसऱ्यावर चालवलं काय, गुणाकार तोच येत असेल, तर तो कारक स्वसंलग्न. मुलं त्याला सेल्फ-ॲडजॉइंट म्हणून ओळखतात. उपावकाश म्हणजे मूळबिंदूतून जाणारी रेषा, प्रतल किंवा त्याहून मोठा पसारा, ज्यातल्या बाणांची बेरीज त्यातच राहते.

आता कारक उपावकाशात आणायचा म्हणजे काय? पी. बी. रोडवरच्या चिगरी बसला फक्त तिची स्वतःची लेन ठाऊक असते. समजा एखादं यंत्र त्या बसला लेनबाहेर ढकलतं. लेनमधल्या माणसाला त्या ढकलण्याचा जो भाग लेनच्या दिशेने जाणवेल, तेवढाच त्याच्या कामाचा. बाकीचा, लेनला लंब असलेला भाग सोडून द्यायचा. गणितात हेच करतात: उपावकाशातला बाण घ्या, कारक लावा, बाहेर गेलेल्या बाणावरून उपावकाशावर लंब टाका, लंबाचा पाय जिथे पडेल ते उत्तर. सोडून दिलेला भाग उपावकाशातल्या प्रत्येक बाणाला लंब असल्यामुळे गुणाकारात त्याचं योगदान शून्य, म्हणून नवा कारकही स्वसंलग्न. सिद्धता एवढीच. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि ती पटकन नजरेत येत नाही: लंब टाकता येतो.

मिश्र चिन्हांच्या अवकाशात गुणाकाराची रीत वेगळी असते. दोन मितींत ती अशी: क्ष-घटकांचा गुणाकार करा आणि त्यातून य-घटकांचा गुणाकार वजा करा. बाणाचा स्वतःशी गुणाकार म्हणजे क्ष² − य², आपल्या खिंडीची उंची. तो धन, ऋण किंवा शून्य, काहीही असू शकतो. इंग्रजी शब्दाचं 'अनिश्चित' असं भाषांतर करण्याचा मोह होतो. आम्हाला ते पसंत नाही, कारण इथे अनिश्चित असं काहीच नाही. चिन्हं मिश्र आहेत, एवढंच.

शून्याची गोष्ट जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण यांचे नियम मांडले, आणि ते शब्द सावकारीच्या व्यवहारातले आहेत. त्याच भाषेत बोलायचं तर (१, १) हा बाण म्हणजे खतावणीतलं असं खातं, ज्यात जमेला एक रुपया आणि नावेलाही एक रुपया. बाकी शून्य. पण खातं कोरं नाही, त्यात नोंदी आहेत. नेहमीच्या अवकाशात बाकी शून्य म्हणजे पान कोरं. इथे तसं नाही, आणि जुन्या सवयीचा माणूस नेमका इथे फसतो.

जाता जाता: वजा चिन्ह असलेल्या अशा वर्गांशी आपल्याकडच्या गणितींची जुनी ओळख आहे. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात क्ष² − ६१य² = १ हे समीकरण चक्रवाल पद्धतीने सोडवलं. सर्वांत लहान पूर्णांक उत्तर क्ष = १,७६,६३,१९,०४९ आणि य = २२,६१,५३,९८०. ६१ हा पूर्ण वर्ग नसल्यामुळे पूर्णांकांत तिथे बाकी शून्य येणारं, कोरं नसलेलं खातं सापडत नाही. वास्तव संख्या घेतल्या की लगेच सापडतं.

आता दोन मितींतली दोन उदाहरणं. चौकटीची पहिली ओळ ०, १ आणि दुसरी ओळ −१, ०. नेहमीच्या अवकाशात हा काटकोनातून फिरवणारा कारक, स्वसंलग्न अजिबात नाही. मिश्र चिन्हांच्या रीतीत मात्र तो स्वसंलग्न ठरतो. तपासणी सोपी: दुसऱ्या ओळीचं चिन्ह उलटवा, चौकट कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसली की झालं. इथे ०, १ आणि १, ० मिळतं, म्हणजे झालं. त्याची आयगेन मूल्यं +√−१ आणि −√−१. पाठ केलेलं वाक्य पहिल्याच पायरीवर कोसळलं. दुसरं उदाहरण: ओळी १, १ आणि −१, −१. हाही स्वसंलग्न. दोनदा लावला की सगळं शून्य होतं, पण स्वतः शून्य नाही. त्याला आयगेन बाणाची एकच दिशा आहे, (१, −१), आणि ती खिंडीतल्या सपाट वाटेवरची. स्वतःशी काटकोन करणारा बाण! ऐकायला विचित्र वाटतं, पण व्याख्या तसंच सांगते.

पहिल्या उदाहरणातला कारक फक्त क्ष-अक्षावर आणून बघा. (१, ०) वर तो लावला की (०, −१) मिळतो, त्यातला क्ष-भाग शून्य. म्हणजे उपावकाशातला कारक शून्य, आयगेन मूल्य शून्य, अगदी वास्तव. मूळ कारकातल्या √−१ चा मागमूसही उरला नाही. उपावकाशात सगळं ठीकठाक दिसतंय म्हणून मूळ ठिकाणीही ठीक असेल असं समजू नये.

खरी अडचण बघायला तीन मिती हव्यात. रीत: क्ष आणि य चे गुणाकार अधिक, झ चा वजा. आणि कारक असा: (१, ०, ०) चा (०, १, ०) होतो, (०, १, ०) चा (१, ०, १) होतो, (०, ०, १) चा (०, −१, ०) होतो. कागद घेऊन तपासा, हा स्वसंलग्न आहे, आणि तीनदा लावला की शून्य. म्हणून त्याचं आयगेन मूल्य एकच, ते म्हणजे शून्य.

पहिलं प्रतल घेऊ (०, १, ०) आणि (२, ०, १) यांचं. या दोघांचे आपापसातले आणि स्वतःशी गुणाकार काढून छोटा तक्ता करा: १, ० आणि ०, ३. दोन्ही धन, म्हणजे या प्रतलात राहणाऱ्याला ऋणाची खबरच नाही. कारक लावू. (२, ०, १) चा (०, १, ०) झाला, तो प्रतलातच आहे. (०, १, ०) चा (१, ०, १) झाला, तो प्रतलाबाहेर गेला. लंब टाकू: (१, ०, १) म्हणजे (२, ०, १) चा एक तृतीयांश अधिक (१, ०, २) चा एक तृतीयांश, आणि (१, ०, २) हा प्रतलातल्या दोन्ही बाणांना लंब आहे. तो भाग सोडला. उरलेला कारक (०, १, ०) चा (२, ०, १) चा तिसरा हिस्सा करतो, आणि (२, ०, १) चा (०, १, ०). हा स्वसंलग्न आहे, त्याची आयगेन मूल्यं अधिक-वजा १/√३, म्हणजे सुमारे ०.५७७. दोन्ही वास्तव, जशी धन प्रतलात नेहमीच येतात. पण मूळ कारकाचं मूल्य तर फक्त शून्य! मुलांना हे खटकतं, आणि खटकायलाच हवं. प्रतल कारकाखाली स्थिर नसेल, म्हणजे कारक प्रतलातल्या बाणांना बाहेर ढकलत असेल, तर आणलेल्या कारकाची मूल्यं मूळची असायलाच हवीत असं नाही.

दुसरं प्रतल (०, १, ०) आणि (१, ०, १) यांचं. हे स्थिर आहे: पहिल्याचा दुसरा होतो, दुसऱ्याचा शून्य. बाहेर जायचा प्रश्नच नाही. मग काम सोपं व्हायला हवं. पण तक्ता करा: १, ० आणि ०, ०. निश्चयक शून्य. (१, ०, १) हा प्रतलातल्या सगळ्यांना, स्वतःलाही, लंब आहे. या प्रतलाचा लंब-अवकाश म्हणजे हीच रेषा, आणि ती प्रतलाच्या आतच पडली आहे. त्यामुळे प्रतल आणि त्याचा लंब-अवकाश मिळून पूर्ण अवकाश भरत नाही, प्रतलच उरतं. (१, ०, ०) वरून या प्रतलावर लंब टाकायचाच म्हटलं तर तो टाकता येत नाही, कारण लंबाच्या दिशेने कितीही सरकलं तरी प्रतलाबाहेरचा बिंदू बाहेरच राहतो. आपल्या सिद्धतेत गृहीत धरलेलं वाक्य इथे तुटलं. अशा उपावकाशाला आम्ही 'खचलेला' म्हणतो. कोशातला शब्द वेगळा असेल, पण मुलांना हा कळतो.

मग करायचं काय? उपाय जमा-नावेच्या खात्यातच आहे. ज्या नोंदीची बाकी कुणाशीच शून्याहून वेगळी येत नाही, ती हिशोबातून वगळायची. म्हणजे खचलेल्या उपावकाशातले दोन बाण फक्त अशा सर्वांना लंब असलेल्या भागाने वेगळे असतील, तर ते एकच मानायचे. हे करताना कारक आड येतो का, हे बघायला हवं. उपावकाश स्थिर असेल तर येत नाही, आणि कारण एका ओळीचं आहे: सर्वांना लंब असलेल्या बाणावर कारक लावला, त्याचा उपावकाशातल्या दुसऱ्या बाणाशी गुणाकार घेतला, तर स्वसंलग्नतेमुळे कारक त्या दुसऱ्यावर सरकवता येतो, तो उपावकाशातच राहतो, म्हणून गुणाकार शून्य. म्हणजे वगळलेल्या गटातले बाण कारकाखाली त्याच गटात राहतात. उरलेल्या घडीव अवकाशात कारक नीट उतरतो आणि तिथे स्वसंलग्न असतो. आपल्या उदाहरणात उरते एकच मिती, (०, १, ०) ची, आणि तिच्यावरचा कारक शून्य. किंमत मात्र मोजावी लागली: मूळ प्रतलात (०, १, ०) चा (१, ०, १) होत होता, ती हालचाल आता दिसत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हा निव्वळ कागदी खेळ आहे. तसं नाही. हेर्मान मिंकोव्स्कीने १९०८ साली कोलोनच्या व्याख्यानात काळ आणि अवकाश एकत्र बांधले, तेव्हा काळाच्या वर्गाला उलटं चिन्ह द्यावं लागलं, आणि सपाट वाटा म्हणजे प्रकाशाच्या वाटा ठरल्या. मराठी वाचकांना या विषयात आपलेपणा वाटावा असं एक घराणंही आहे: कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर काशी हिंदू विश्वविद्यालयात वर्षानुवर्षं सापेक्षता शिकवत आणि तिच्यावर संशोधन करत होते. जयंत नारळीकर त्यांचे चिरंजीव.

प्रकाशाचं पुंजगणित करताना तर खचलेला उपावकाश टाळताच आला नाही. प्रकाशकणाच्या वर्णनात चार घटक येतात, तीन अवकाशाचे आणि एक काळाचा, आणि काळाच्या घटकाचा वर्ग ऋण. पण पुंजयामिकीत बाणाचा स्वतःशी गुणाकार म्हणजे संभाव्यता. ऋण संभाव्यतेचा अर्थ काय लावणार? डिरॅकने १९४२ च्या सुमारास मिश्र चिन्हांचा अवकाश थेट वापरून पाहिला, पाउलीने १९४३ मध्ये त्याची छाननी केली. १९५० मध्ये मूळचे भारतीय असलेले सूरज एन. गुप्ता आणि स्वित्झर्लंडचे कोनराड ब्लॉयलर यांनी वेगवेगळ्या लेखांतून वाट काढली. आज ती पद्धत दोघांच्या जोडनावाने ओळखली जाते. त्यांची युक्ती आपल्या दुसऱ्या प्रतलाचीच, एक मिती जास्त. प्रकाश झ-दिशेने चालला आहे असं समजा. एक अट घालून चारातले तीन घटकच ठेवायचे: दोन आडवे, आणि तिसरा प्रकाशाच्याच दिशेचा, ज्यात काळ आणि झ सारख्या प्रमाणात आहेत. हा तिसरा सर्वांना लंब, स्वतःलाही. जमा एक, नावे एक. तो वगळला की दोन आडवे घटक उरतात आणि त्यांचे वर्ग धन. संभाव्यतेचा प्रश्न मिटला. ध्रुवीकृत चष्मा फिरवून मोबाईलच्या पडद्याकडे पाहिलं की पडदा काळा होतो, ते या दोन आडव्या घटकांचंच काम. प्रयोगात दिसणाऱ्या राशींचे कारक या तीन घटकांच्या उपावकाशाला स्थिर ठेवतात, म्हणून ते खाली उतरतात. जे ठेवत नाहीत, त्यांना अशा गणितात भौतिक अर्थ देता येत नाही.

दुसरी वाट रशियातून आली. सर्गेई सोबोलेव यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात द्रवाने भरलेल्या भोवऱ्याच्या गतीचा अभ्यास केला. तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. (कच्चं आणि उकडलेलं अंडं फिरवून ओळखायची युक्ती ज्यांना माहीत आहे, त्यांना आतला द्रव भोवऱ्याचं काय करतो ते सांगायला नको.) त्या अभ्यासात असा अवकाश निघाला ज्यात अनंत धन दिशा आहेत, पण ऋण दिशा मोजकीच. त्यावरून पोंत्र्यागिन यांनी १९४४ मध्ये सिद्ध केलं: ऋण दिशा जितक्या असतील तितक्याच मितींचा, कुठेही धन नसलेला, एक स्थिर उपावकाश स्वसंलग्न कारकाला मिळतोच. त्यामुळे वास्तव नसलेल्या मूल्यांच्या जोड्या ऋण दिशांच्या संख्येपेक्षा जास्त असू शकत नाहीत. ऋण दिशा एकच असेल तर जास्तीत जास्त एक जोडी, आणि ती जोडी नसणं ही भोवरा न बिघडण्यासाठी आवश्यक गोष्ट. पोंत्र्यागिन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात गेली होती. त्यांची आई त्यांना गणिताची पुस्तकं वाचून दाखवायची.

अनंत मितींत एक जादा सापळा आहे, एम. एस्सी.च्या मुलांसाठी तो सांगून ठेवतो. ऋण दिशाही अनंत असतील, तर उपावकाश खचलेला नसूनही लंब टाकता येत नाही असं होऊ शकतं. धन दिशा आणि ऋण दिशा यांच्या जोड्या लावा. पहिल्या जोडीत धन एक आणि ऋण १/२ घ्या, दुसरीत ऋण २/३, तिसरीत ३/४, असं पुढे. प्रत्येक बाणाचा वर्ग धन आहे, पण शून्याच्या जवळ जवळ जातो. पहिल्याचा ३/४, दुसऱ्याचा ५/९, तिसऱ्याचा ७/१६. एकही बाण सपाट वाटेवर नाही, तरी सगळे मिळून तिच्याकडे सरकत आहेत, आणि त्यांनी व्यापलेल्या उपावकाशावर सगळीकडून लंब टाकता येत नाही. पोंत्र्यागिन यांच्या अवकाशात, जिथे ऋण दिशा मोजक्याच असतात, बंदिस्त उपावकाशांना हा धोका नाही.

म्हणून मुलांना आम्ही एवढंच सांगतो: सांत मितींत उपावकाशाचे आधार-बाण घ्या, त्यांच्या आपापसातल्या गुणाकारांचा तक्ता करा आणि निश्चयक काढा. शून्य नसेल तर लंब बिनधास्त टाका. शून्य असेल तर उपावकाश स्थिर आहे का बघा. असेल तर वगळण्याची रीत लावा, नसेल तर हात थांबवा. सरावाला वरचाच कारक घ्या आणि तो (१, ०, ०) व (०, ०, १) यांच्या प्रतलात आणा. तक्ता १, ० आणि ०, −१ येईल. कारक काय येतो ते काढून ठेवा, मंडळात भेटू तेव्हा ताडून पाहू.